इंदूवयनीचं टोपण

दारू कशी प्यायची हे मला एका बाईनं शिकवलं, आणि त्या बाईनं स्वतः जन्मात एक घोट घेतला नाय. बोट बुडवायची, जिभेच्या शेंड्याला लावायची आणि पडवीच्या कडेला जाऊन थुंकायची. मग म्हणायची, "लिंबू जास्त झालं," नायतर, "साखर अजून बोलत नाय." त्याआधी माझं पिणं म्हंजे बैलानं हौदात तोंड घालावं तसं. पाणी असलं तर पाणी, नसलं तर डोळे मिटून. चव कशी लागते असं कोणी विचारलंच नाय, आणि विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. चव लागायच्या आत मी आडवा असायचो.

ती इंदूवयनी. माझ्या घराच्या वरच्या अंगाला तिचं घर. आमची वाडी पोलादपूर सोडून डोंगरात चढत गेलं की लागते. खाली हायवे, वर आम्ही आणि आमची गुरं. मी पोलादपूर ते वाडी मिनिडोर चालवतो, तीनचाकी. उतारावर मी चालवतो, चढावर पॅसेंजर ढकलतात. भाडं मात्र दोन्हीकडचं सारखंच घेतो, म्हणून वाडीत मला मान नाय. शाळेत तिसरीपर्यंत गेलो, त्यातली तिसरी दोनदा. दुसऱ्यांदा मास्तर म्हणाले, "सख्या, तू बस, पण मध्ये बोलू नको." तेवढंच मला जमलं नाय.

इंदूवयनी बुटकी, काटक. माहेर हिरकणीवाडीचं. लहानपणी रायगडावर जाणाऱ्या लोकांना लिंबू सरबत विकून मोठी झालेली. तिची एक खोड होती. कोणाशी बोलताना तोंडाकडं बघायची नाय, हाताकडं बघायची. मी समोर जाऊन उभा राहिलो की म्हणायची, "भावजी, आज कोणाशी भांडून आलात?"

"तुला कोणी सांगितलं?"

"मूठ अजून उघडली नाय तुमची."

मी मूठ उघडायचो. आत खरंच घाम असायचा.

दुसरी खोड मोजण्याची. भाताला पाणी, चहाला साखर, म्हशीला पेंड, सगळं मोजून. मीठ टाकलं की रिकामी चिमूट उलटी करून बघायची, काय चिकटून राहिलंय का. माझी बायको अंदाजानं करते आणि तिचं कालवण चांगलं होतं, असं मी एकदा बोललो. वयनी म्हणाली, "चांगलं होतं तेव्हा ठीक. बिघडलं तर कशानं बिघडलं ते कसं कळायचं?" माझं आयुष्यात जे जे बिघडलं ते कशानं बिघडलं हे मला अजून कळलेलं नाय.

तिचा नवरा अनंतदादा. मुंबईत फोर्टातल्या एका हॉटेलात बारमन होता. बारमन म्हंजे काय हे वाडीत कोणाला ठाऊक नव्हतं. म्हातारे विचारायचे तेव्हा तो सांगायचा, "साहेब लोकांना सरबत करून देतो." शिमग्याला आणि गणपतीला यायचा. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, नखं कापलेली, आणि ग्लासातून पाणी दिलं तरी असं द्यायचा की घेणाऱ्याला आपण कोणीतरी हाय असं वाटावं. लॉकडाऊनमध्ये ते हॉटेल बंद पडलं ते पुन्हा उघडलंच नाय. दादा कायमचा घरी आला. येताना एक बॅग आणली आणि थरथर कापणारे हात आणले.

इतकी वर्षं दुसऱ्यांना पाजता पाजता त्यानं स्वतःला कधी लावून घेतली हे वयनीलाही कळलं नव्हतं. वर्षातून दोनदा येणारा नवरा, सणासुदीचा. आता रोज समोर. सकाळी उठला की चहाचा कप दोन हातांनी धरायचा, तरी बशीत जास्त आणि कपात कमी. घोट पोटात गेला की हात थांबायचे. मग शर्टाची बटणं लावायचा.

वयनी त्याला महाडला डॉक्टरकडं घेऊन गेली. माझ्याच गाडीतून गेले, म्हणून मला ठाऊक. डॉक्टरनं पोट दाबून बघितलं, डोळे बघितले आणि तिला बाजूला घेतलं. लिवर खराब झालंय, असंच चाललं तर फार दिवस नाहीत. मोठ्या दवाखान्यात भरती करा. भरतीला दादा नाय म्हणाला. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मग निदान एक लक्षात ठेवा. ह्या अवस्थेत एकदम बंद करू नका. एकदम तोडली तर झटके येतात, माणूस जातो. रोज थोडी थोडी कमी करत आणा."

परत येताना ती गाडीत एकच वाक्य बोलली. "थोडी थोडी म्हंजे किती, ते विचारायचं राहिलं."

आधी तिनं सगळ्या बायका करतात तेच केलं. बाटलीत पाणी घातलं. दादानं पहिला घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि हसला. "इंदू, मुंबईत जास्त झालेल्या गिऱ्हाईकाला मी हेच द्यायचो गो. मला देऊ नको."

दुसरी बाई रडली असती, नायतर बाटली फोडली असती. वयनी त्याच्यासमोर बसली आणि त्याच्या हाताकडं बघत म्हणाली, "मग मला शिकवा. साहेब लोकांना कसं करून द्यायचात, तसं."

दादानं शर्टाच्या बाह्या दुमडल्या. त्याला आता ओतता येत नव्हतं, पण सांगता येत होतं. त्या दिवसापासून दिवेलागणीला पडवीत दादा खांबाला टेकून बसायचा आणि वयनी पाटावर. आणि मी. मला बोलावलं नव्हतं. वास आला म्हणून गेलो, आणि मला परत पाठवायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाय.

नव्या माणसानं घरी कसं करायचं ते मला आता पाठ हाय, कारण माझ्यासारख्या दगडाला कळेपर्यंत दादानं सांगितलं. महागाचं सामान लागत नाय. फिरकीच्या झाकणाचा स्टीलचा डबा, चहाची गाळणी, आणि मोजायला खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं टोपण, रेघा असलेलं. साखर आधी कोमट पाण्यात विरघळवायची, कोरडी टाकली तर तळाला बसते आणि शेवटचा घोट प्रसादासारखा लागतो. लिंबू पिळायचं पण साल चिरडायची नाय, कडू उतरतं. पहिलं आंबट, मग गोड, मग दारू, बर्फ सगळ्यात शेवटी. झाकण लावून डबा हलवायचा, बाहेरून स्टीलला घाम येऊन हात बधिर होईपर्यंत.

"हलवताना मनगट, खांदा नाय," दादा म्हणायचा. "तू भात झोडपत नायस गो."

वयनीला दुसऱ्याच दिवशी जमलं. मी म्हणालो, मला द्या. मी फिरकी उलट्या बाजूनं आवळली. दोनदाच हलवलं आणि झाकण निघून कौलाला लागलं. कोकम, लिंबू आणि त्या दिवसाची दारू खाली बसलेल्या बोक्याच्या अंगावर. बोका त्यानंतर माझ्या घराच्या बाजूनं कधी आला नाय.

बर्फाचं काम माझ्याकडं होतं, कारण मी रोज खाली जायचो. पहिल्या दिवशी मी हुशारी केली. महाडच्या मासळी बाजारातल्या मावरंवालीशी माझी ओळख, तिच्या पेटीतला बर्फ फुकट मिळाला. पिशवीत घालून, गोणपाटात गुंडाळून, चढावर पॅसेंजरना ढकलायला लावून वर आणला. वयनीनं सगळं मोजून केलं, गाळलं, ग्लास पुसून उजेडाला धरला आणि दादाच्या हातात दिला. दादानं घोट घेतला. डोळे मिटले.

"कसं झालंय?" वयनीनं विचारलं.

"चांगलं झालंय. ह्याच्याबरोबर भाकरी हाय का?"

मला कळायला वेळ लागला. वयनी मात्र पडवीच्या कडेला जाऊन थुंकली आणि आल्यावर पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं बघितलं. "भावजी, हा बर्फ बांगड्याखालचा हाय."

त्या वर्षात ती दोघं एकदम हसलेली मी तेवढी एकदाच बघितली.

आता ह्यातली मेख. दादाला वाटत होतं ती शिकतेय. ती शिकतच होती, पण कशासाठी, ते वेगळं. पाणी घातलं तर त्याच्या जिभेला लगेच कळायचं. पण आंबट-गोड-तिखटाच्या मागं टोपणातली एक रेघ कमी झाली तर? ती आलं किसून त्याचा रस काढायची. आल्यानं घशात आग होते. हिरवी मिरची चिरून पाण्यात ठेवायची, ते पाणी चमचाभर. त्यानं कान गरम होतात. कोकमाचं आगळ, चिमूटभर मीठ, उन्हाळ्यात करवंदं, पावसाळ्यात गवती चहा. दारू जेवढी काढायची तेवढी जागा दुसऱ्या कशानंतरी भरायची. रेघ एकदम नाय. एक रेघ खाली आली की त्या रेघेवर थांबायची. त्याच्या हाताकडं बघत राहायची. हात जास्त कापले तर परत वर. झोप लागली, जेवण गेलं, तर अजून थांबायची, आणि मग पुढची रेघ.

मला हे कधी कळलं? सगळ्यात शेवटी. आणि दादाला कळलं होतं पहिल्याच आठवड्यात. बऱ्याच दिवसांनी एकदा वयनी आत गेली होती तेव्हा तो मला हळूच म्हणाला, "दारू कमी होतेय आणि आलं वाढतंय. बारमनला कळत नाय असं वाटतं तिला." मी म्हणालो, "मग बोलत का नायस?" तो ग्लासातला बर्फ फिरवत म्हणाला, "तिचा हात बसलाय रे आता. माझ्या हाताखाली इतकी पोरं तयार झाली, असा हात एकाचा नाय बसला. बिघडवू कशाला?"

मी हे वयनीला सांगितलं नाय. मी गप्प बसलो असं माझ्या आयुष्यात फार थोड्या वेळा झालंय.

पण माझ्यावर काय प्रयोग चालला होता ते ऐका. ती कुठलंही नवं मिश्रण आधी मला द्यायची. मला कळलं नाय तर दादालाही थोडा वेळ चकवता येईल, असा तिचा हिशोब. म्हंजे मी उंदीर. पुढं पुढं तिनं माझ्या ग्लासात दारू घालायचीच बंद केली. नुसतं आलं, मिरची, कोकम, लिंबू, मीठ, साखर, बर्फ. आणि मी? मी रोज डुलत घरी जायचो. मोठ्यानं गवळणी म्हणायचो. एकदा तर रखमाकाकीच्या शेणाच्या खड्ड्यात पडलो आणि तिथंच बसून सगळ्या वाडीला सांगितलं की मी कोणाला घाबरत नाय. माझ्या बायकोनं मला विहिरीवर नेऊन बादल्या ओतल्या आणि दुसऱ्या दिवशी पदर खोचून वयनीच्या दारात गेली.

"तुझ्या नवऱ्याला पाज काय ते. माझ्या का पाजतेस?"

"तुझ्या नवऱ्याला मी सरबत देतेय गो," वयनी म्हणाली. "ह्या पौर्णिमेपासून एक थेंब नाय त्यात. हवं तर तुझ्या पोरांना पाज."

बायकोनं उरलेलं पिऊन बघितलं. मग ती पाटावर बसली आणि हसत सुटली. घरी आली तरी हसत होती. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "काय नाय. झिंगला असाल, झोपा." खरं काय ते मला चार दिवसांनी सांगितलं, तेही भाकरी वाढताना, सहज. त्या दिवसापासून मी सरळ चालायला लागलो. पण सगळ्या वाडीनं मला डुलताना बघून घेतलं होतं.

हे हसण्यावारी जायला हवं होतं. गेलं नाय.

रखमाकाकी म्हंजे आमच्या बायकांच्या बचत गटाची पुढारी. वाईट बाई नाय. तिचा थोरला पोरगा पिऊन मोटरसायकल घेऊन निघाला आणि कशेडी घाटात ट्रकच्या मागं शिरला. तो गेल्यापासून तिला बाटली नजरेसमोर नको असायची. तिनं बायका जमवल्या, वाडीच्या मुंबईतल्या मंडळाला फोन केले, आणि शिमग्याला चाकरमानी आले तेव्हा देवळात गावकीची बैठक बसली. ठराव एकच. वाडीत दारू बंद. उद्यापासून, सगळ्यांची, एकदम.

सभामंडपात देवापुढं नारळ ठेवला होता. एकेकानं यायचं, नारळावर हात ठेवायचा. मी पहिल्या पाचात हात ठेवून आलो. माझी तर कधीच बंद झाली होती, मला न सांगता.

मग काकी उभी राहिली. "इंदू, तुझ्या घरात बाटली हाय का?"

"हाय."

"ओततं कोण?"

"मी."

"बाईमाणूस असून?"

"बाईमाणूस हाय म्हणून मोजून ओतते, काकी."

मंडळाचे सेक्रेटरी मुंबईहून आले होते, खिशाला पेन. ते म्हणाले, "वहिनी, नियम सगळ्यांना सारखा आहे. एका घराला सूट दिली की उद्या दहा घरं मागतील."

"सूट कायमची नको. निम्म्यावर आणलीय मी. अजून तेवढाच वेळ द्या. डॉक्टर म्हणालेत, एकदम तोडली तर माणूस जातो."

"डॉक्टरांनी दारू प्यायला सांगितली?" सेक्रेटरी हसले. मंडप हसला.

काकी म्हणाली, "आणि ह्या सख्याला पण डॉक्टरनंच सांगितलीय का? रोज तुझ्या पडवीतून डुलत येतो. माझ्या खड्ड्यात पडला होता."

मी उठलो. म्हणालो, "काकी, देवाशपथ सांगतो, मी सरबत पिऊन पडलो होतो. त्यात दारूच नव्हती."

असा हशा मी पुन्हा कधी ऐकला नाय. म्हातारे खोकायला लागले. सेक्रेटरींनी चष्मा काढून डोळे पुसले. जन्मभर लोकांना हसवायला मी काय काय बनवून सांगितलं, आणि त्या दिवशी खरं सांगितलं ते सगळ्यात भारी चाललं. माझी बायको बायकांतून ओरडत होती, "खरं सांगतायत ते." त्यावर अजून हसले. एकटी वयनी हसली नाय. तिनं हशा संपू दिला. मग विचारलं, "राखणदाराला दरवर्षी बाटली देता ना? ती पण बंद का?"

आमच्या वाडीच्या वेशीवर राखणदाराचं ठिकाण हाय. त्याला वर्षाला कोंबडा आणि बाटली लागते. आजवर कधी चुकलेली नाय.

"देवाची गोष्ट वेगळी," कोणीतरी म्हातारा म्हणाला. "त्याची तोडली तर तो कोपेल."

"माणसाचं पण तसंच हाय," वयनी म्हणाली. "तेवढंच सांगतेय मी."

त्यावर कोणाला काय बोलता आलं नाय, आणि बोलता आलं नाय म्हणूनच लोक चिडले. मागून आवाज आला, वाळीत टाका. सेक्रेटरी घाईनं म्हणाले, "तो शब्द वापरू नका, त्याची केस होते. आपण कोणालाही वाळीत टाकत नाही. आपण फक्त त्यांच्याकडे जाणार नाही, त्यांना बोलावणार नाही, आणि विहिरीवर कोणी त्यांच्याशी बोलणार नाही."

तेव्हा अनंतदादा उठला. खांबाला धरून उभा राहिला, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि पुढं गेला.

वयनी जागेवरून म्हणाली, "अवो, थांबा."

त्यानं नारळावर हात ठेवला. "आजपासून नाय," म्हणाला.

"हात काढा. अवो, हात काढा तो."

त्यानं काढला नाय. नारळ पाटावर खडखडत होता, एवढा हात कापत होता. तो फक्त तिला ऐकू जाईल असं बोलला, पण मी जवळच होतो. "मला काय, मी पडवीत बसून राहीन. तुला विहिरीवर रोज जायचंय गो."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकी रडली. पोरांनी घराघरातल्या बाटल्या आणून देवळामागं ओतल्या, त्यात वयनीची पण.

पहिला दिवस घाम. दुसऱ्या दिवशी जेवण नाय, झोप नाय. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तर दादा पडवीत उभा होता. खांद्यावर पंचा, सरळ, ताठ. समोर कोणी नाय. तो नसलेल्या गिऱ्हाईकाला वाकून विचारत होता, "साहेब, बर्फ किती?" मग पंच्यानं नसलेला ग्लास पुसायचा, उजेडाला धरायचा, ठेवायचा. दुसऱ्या साहेबाकडं वळायचा. हात एवढे हलत होते की पंचा फडफडत होता.

वयनी उंबऱ्यावर बसली होती. माझ्याकडं बघून म्हणाली, "भावजी, पोलादपूरहून एक क्वार्टर आणा. वाडी काय करायची ती करू दे."

मी गेलो आणि आणली. शर्टाच्या आत घालून आणली, आणि चढावर ढकलणाऱ्यांनी विचारलं पोट का आवळलंयस, तर म्हणालो हगवण लागलीय. वयनीनं टोपण भरलं. आलं नाय, लिंबू नाय, काय नाय. त्याच्या तोंडाला लावलं.

त्याला काहीच ओळखू येत नव्हतं. मला तो "सर" म्हणत होता. पण टोपण ओठाला लागलं आणि त्यानं दात घट्ट मिटले. "नको," म्हणाला. "शपथ हाय."

"मी इंदू हाय. घ्या. मी देतेय."

"ड्युटीवर घेत नाय मॅडम."

तिनं त्याचं नाक दाबलं, जबडा धरला, बोटं घातली. सगळी दारू हनुवटीवरून शर्टावर. मग त्याचे डोळे वर गेले आणि अंग ताठ झालं.

मी आणि बायकोनं त्याला गाडीत घातलं. माझी मिनिडोर त्या दिवशी पहिल्या किकला चालू झाली. आणि काय उपयोग. दोन वळणं उतरलो तेव्हा वयनी मागून म्हणाली, "हळू घ्या आता. घाई नाय." मी आरशात बघितलं. तिनं त्याचा हात हातात धरला होता. तो कापत नव्हता.

माणसं किती आली म्हणून सांगू. वाळीत पडणार होतं ते घर, तिथं पाय ठेवायला जागा नाय. वयनीच्या माहेराकडचे, पाचाडपर्यंतचे पाहुणे आले. काकीनं स्वतः वयनीला अंघोळ घातली. म्हातारे एकमेकांना सांगत होते, शपथ घेतली आणि पाळली, देवाघरी स्वच्छ गेला. शर्टाला वास येत होता ते ज्यांना कळलं ते बोलले नाय. कोणी म्हणालं, लिवर होतंच खराब. ते पण खोटं नाय. विहिरीवर सगळ्या बायका वयनीशी बोलायला लागल्या. वयनीच बोलायची नाय. मी गेलो की माझ्या हाताकडं बघायची आणि आत जायची. मी नवं सरबत मागायला गेलो नाय, एवढी अक्कल मला होती.

पुढच्या शिमग्याला मंडळानं कार्यक्रम ठेवला. देवळासमोर मांडव, स्पीकर, आणि मोठा बॅनर. बॅनरवर अनंतदादाचा फोटो, मुंबईतला, पांढऱ्या शर्टातला. हॉटेलचं काउंटर कापून मागं रायगड लावला होता. खाली लिहिलेलं, ते मला बायकोनं वाचून दाखवलं: व्यसनमुक्तीचा आदर्श.

वयनीला स्टेजवर बोलावलं. काकीनं शाल घातली. सेक्रेटरी माइकवर म्हणाले, "वहिनींनी दोन शब्द बोलावेत, अशी विनंती." मला वाटलं ती मान हलवून खाली उतरेल. तिनं माइक हातात घेतला.

"ज्यांच्या घरात चोरून पिणारा हाय त्यांनी ऐका," ती म्हणाली. "मी नावं घेत नाय. तुम्हाला ठाऊक हाय, मला पण ठाऊक हाय. एकदम तोडू नका. झेपलं तर दवाखान्यात न्या. नाय झेपलं तर मोजा. रेघांचं टोपण घ्या. आज जेवढी जाते तेवढी आधी आठ दिवस नुसती मोजा, कमी करू नका. हात बघायचे. सकाळी बघायचे, उठल्या उठल्या. मग एक रेघ..."

सेक्रेटरींनी मागं बघून खूण केली. माइक बंद झाला. स्पीकरवर देवाचं गाणं लागलं, मोठ्यानं.

वयनी थांबली नाय. तोंड हलत होतं, आवाज येत नव्हता. मी मागून उठून ओरडलो, "गाणं बंद करा रे, ऐकू द्या." पुढचे लोक वळून हसायला लागले. एक जण म्हणाला, "सख्याला आज कुठून मिळाली?"

मी खाली बसलो. तिनं माइक टेबलावर ठेवला होता आणि उजवा हात वर केला होता. अंगठा आणि बोट, मध्ये अंतर. काहीतरी सांगायची, थांबायची, आणि ते अंतर जरासं कमी करायची. बायकांच्या बाजूला कोणाचा पदर तोंडावर होता, कोणी खाली बघत होतं. गाण्याचं एक कडवं संपलं, दुसरं लागलं. ती घाई करत नव्हती. अर्ध्यावर आली तिथं बराच वेळ थांबली. मग पुढं सांगायला लागली.